फटाकडीची नवी हाक

परीक्षक व्हायला मी फोनवर हो म्हटलं, तेही एका हाताने गॅस बारीक करता करता, दूध उतू जाऊ नये म्हणून. "मॅडम, फक्त पोस्टरं बघायची आणि मत द्यायचं, बाकी काही नाही," असं परिषदेचा सचिव म्हणाला. हे 'बाकी काही नाही' म्हणणाऱ्या माणसाला एकदा माझे गुडघे लावून दिवसभर पोस्टरांपुढे उभं करायला हवं.

इकॉलॉजीची परिषद होती. मोठ्या लोकांची मोठी भाषणं वरच्या मजल्यावर, गुबगुबीत खुर्च्यांच्या सभागृहात. विद्यार्थी खाली, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. जाळ्या काढून कोपऱ्यात गुंडाळून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या जागी सरकत्या फळ्यांच्या रांगा लावल्या होत्या. फळीवर पोस्टर, पोस्टरापुढे एकेक पोरगं किंवा पोरगी, नवे बूट चावत असले तरी चेहरा हसरा ठेवून. हॉलला खिडकी नव्हती. चहाचं मशीन होतं, पण चहाचं बटण दाबलं की कॉफी येत होती आणि कॉफीचं दाबलं की नुसतं गरम पाणी. मी सकाळपासून गरम पाणीच पीत होते, ते निदान खोटं बोलत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा आला आहे. पोरांचा नाही, पोरं चांगली असतात. पण कित्येक वर्षांत मी असं एकही पोस्टर पाहिलं नव्हतं ज्यात काहीतरी वाढलंय. बेडूक कमी, फुलपाखरं कमी, झऱ्याचं पाणी कमी. वाढतं ते फक्त तापमान आणि लेखकांची संख्या. दरवेळी मान डोलवायची, 'छान काम केलंस' म्हणायचं आणि पुढच्या फळीकडे जायचं. एखाद्याच्या घरी दुःखाचं भेटायला गेल्यावर जसं होतं ना, तसं दिवसभर व्हायचं.

आम्ही तीन परीक्षक. अध्यक्ष होते ते माशांवरचे तज्ज्ञ, सगळे त्यांना मासेसाहेब म्हणतात. मोठा माणूस, मोठं पोट, आणि दुपारच्या जेवणाच्या आत सगळं उरकायची घाई. दुसरा एक तरुण आकडेवाला, त्याला पक्षी आणि पाल यांतला फरक विचारू नये, पण कोणाची टक्केवारी फुगवलेली आहे ते तो लांबून सांगतो. आणि तिसरी मी.

"यंदा फार डोकं लावायचं नाही," मासेसाहेब सकाळीच मला म्हणाले. "ती फटाकडीवाली पोरगी आहे ना, चष्मेवाली, तिचं काम बघा. माझं मत तिलाच. आणि बिचारीला गरज पण आहे. गाइड या महिनाअखेर रिटायर होतायत, त्यांची लॅब बंद. दुसरं कोणी तिला घ्यायला तयार नाही. बक्षिसाबरोबर संशोधन केंद्रावर दोन वर्षांची जागा आहे, ती मिळाली तर पीएचडी पुरी होईल. नाही मिळाली तर गेली घरी."

"म्हणजे ठरलेलंच आहे?"

"ठरलेलं कसं? तुम्ही बघा ना. पण बघून झालं की हो म्हणा."

फटाकडी म्हणजे काय ते सांगायला हवं. तळ्याकाठच्या गवतात राहणारा हा एक लहानसा पक्षी, कोंबडीच्या जातीतला वाटतो पण मुठीत मावेल एवढा. नाव एवढं ठसकेबाज आणि स्वभाव असा लाजरा, की वर्षानुवर्षं तळ्यावर जाणाऱ्यालाही दिसत नाही. तिला फक्त ऐकायचं. आधी दोन-तीन तुटक आवाज, मग घरंगळत खाली येणारी लांब किणकिण. आमच्या गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यावर ती मी विद्यार्थी असताना होती. नंतर तळ्याच्या एका बाजूने रस्ता आला, दुसऱ्या बाजूने कारखाने आले आणि फटाकडी तळ्याच्या पक्ष्यांच्या यादीतून गेली.

चष्मेवालीच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की ती परत आली आहे.

मी तिच्यापुढे उभी राहिले तेव्हा ती आधी घाबरली आणि मग अशी सुटली की तिला थांबवणं मुश्किल झालं. जाड भिंगांचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातावर गवताच्या पात्यांनी कापल्याच्या जुन्या रेघा. तिने तळ्याच्या पाणकणसांत, त्या उंच पाणगवतात, खांब रोवून त्यांवर आवाज टिपणारी यंत्रं बसवली होती, चोर नेतील म्हणून हिरव्या कापडात गुंडाळून. यंत्रं दिवसरात्र ऐकत राहायची. ती पंधरा दिवसांनी भर दुपारी जाऊन बॅटऱ्या बदलायची आणि रेकॉर्डिंग घरी आणायची. मग जुन्या रेकॉर्डिंगांवरून आवाज शिकलेला संगणकातला एक तयार प्रोग्रॅम ते सगळं चाळून सांगायचा, यात अमुक पक्षी आहे.

"आणि मॅडम, एके दिवशी त्याने फटाकडी सांगितली. माझा विश्वासच बसेना. पुन्हा चालवलं. पुन्हा फटाकडी! एकदा नाही, सबंध हंगामभर, सकाळी सकाळी. आणि प्रोग्रॅमला इतकी खात्री की एवढी तो कावळ्याबद्दलही देत नाही."

"ऐकव," मी म्हटलं.

तिने मला कानाला लावायचे डबे दिले. हॉलचा गोंगाट बंद झाला. आधी तुटक आवाज, आणि मग ती उतरत जाणारी किणकिण.

मी सांगते, माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांचा शीण, गुडघे, मशीनचं गरम पाणी, सगळं विसरले. आहे! ती आहे! मला त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली. परीक्षकाने तसं करायचं नसतं म्हणून मी नुसता चष्मा पुसला.

"शेवटचं ऐकलंत, मॅडम?" ती म्हणाली. "किणकिण संपल्यावर एक बारीक आवाज येतो बघा. दाबल्यासारखा. 'टिस्' असा. दरवेळी येतो. मी सगळी पुस्तकं पालथी घातली, कुठेच नोंद नाही. ही तिची नवी हाक आहे. बहुतेक जोडीदाराला जवळ बोलवायची."

पोस्टरवर त्या 'टिस्'चा आलेखही होता, छान निळ्या रंगात. खाली चौकोनी कोड होता, तो मोबाइलने टिपला की कोणालाही आवाज ऐकता येत होता. मी टिपून घेतला. 'छान काम केलंस' म्हटलं, आणि कितीतरी वर्षांनी ते वाक्य मनापासून म्हटलं.

पुढच्या फळ्या मी तरंगतच पाहिल्या. गांडुळांवरचं एक पोस्टर होतं, नीटनेटकं, कुठे चूक काढायला जागा नाही आणि लक्षात ठेवायला काही नाही. मग शेवटच्या रांगेत, स्वच्छतागृहाच्या दाराजवळ, एक दाढीवाला मुलगा स्वतःच्या पोस्टरकडे पाठ करून मोबाइल बघत उभा होता. त्याच्याकडे कोणी येत नव्हतं, कारण त्याच्या पोस्टरवर लिहिलं होतं की त्याला काही सापडलं नाही.

"फटाकडी?" मी शीर्षक वाचून म्हटलं. "कुठल्या तळ्यावर?"

त्याने तळं सांगितलं. तेच.

"अरे, तिकडे त्या रांगेत एक मुलगी आहे, तिलाही याच तळ्यावर—"

"असेल, मॅडम. तिच्या सरांचं आणि आमच्या बाईंचं बोलणं नाही. आम्हाला ताकीद आहे, त्यांच्या लॅबच्या कोणाशी बोलायचं नाही म्हणून." त्याने खांदे उडवले. "जुनं काहीतरी आहे. एका गोगलगायीला कोणी नाव द्यायचं यावरून."

ते भांडण मला माहीत होतं. गोगलगाय केव्हाच मेली असेल, हे दोघे अजून एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

त्याची पद्धत वेगळी. तो पहाटे बांधावरून चालत जायचा, जागोजागी थांबायचा आणि छोट्या स्पीकरवर फटाकडीची हाक वाजवायचा. लाजऱ्या पक्ष्याला बोलतं करायची ही जुनी रीत आहे. आपल्या इलाख्यात दुसरी कोण आली म्हणून खरी फटाकडी उत्तर देते. मग वाट बघायची. सबंध हंगाम त्याने वाजवलं आणि वाट बघितली, उत्तर एकदाही आलं नाही.

"कुठली हाक वाजवत होतास?"

त्याने खिशातून स्पीकर काढून वाजवला. तुटक आवाज. किणकिण. 'टिस्'.



"हा शेवटचा आवाज कसला?" मी विचारलं, आणि त्याने उत्तर देऊ नये असं मला वाटत होतं.

"तो ना? कोणीतरी शिंकतंय, मॅडम," तो हसत म्हणाला. "फार जुनं रेकॉर्डिंग आहे, संग्रहालयातलं. या तळ्यावरचं दुसरं नाहीच, एवढं एकच. कापून टाकणार होतो ती शिंक, मग राहून गेलं."

मी हॉलच्या बाहेर जिन्याखाली येऊन एका पायरीवर बसले. हिशोब सरळ होता. पोरगा बांधावरून हाक वाजवत होता आणि पोरीची यंत्रं पाणकणसांत दडून ती ऐकत होती. तो पहाटे यायचा, ती भर दुपारी. भेट होणार कशी? आणि प्रोग्रॅमला इतकी खात्री का नसेल? त्या तळ्याची फटाकडी म्हणून त्याला शिकवायला तरी दुसरं काय असणार होतं, ते एकच तर रेकॉर्डिंग. एकाच फोटोच्या दोन प्रती शेजारी धरून 'हाच तो' म्हणावं तसं झालं होतं.

पण ते एवढ्यावर थांबत नव्हतं. ती शिंक मला ओळखीची वाटत होती.

तेवढ्यात फोन वाजला. घरून, आमच्या ह्यांचा. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या प्रत्येक वस्तूची चौकशी माझ्याकडे करतात.

"अगं, गिझरचा दिवा लागत नाहीये. आधी लागायचा ना?"

"अहो, गिझर राहू दे. एक ऐकवते, नीट ऐका." मी पोस्टरवरून टिपलेला आवाज लावला आणि दुसरा फोन नसल्यामुळे काय काय खटाटोप करून तो त्यांना ऐकू जाईल असं केलं.

 मग ते म्हणाले, "सर्दी झाली का तुला? सांगितलं होतं, तिथे एसी असेल, शाल ने."

"ती मी आहे?"

"म्हणजे काय! लग्नाला इतकी वर्षं झाली, तुझी शिंक नाही ओळखणार? आख्खं जग शिंकतं मोकळं, आणि तू अशी नाक दाबून, चोरी केल्यासारखी. पण मागे ते पाखरू कसलं ओरडतंय?"

मी फोन ठेवला. पाखरू. मी त्या पोरीच्या वयाची असताना उसना टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून त्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी होते. फटाकडी बोलत होती. पाणकणसाचा कापूस उडत होता, तो माझ्या नाकात गेला. मी नाक दाबलं, तोंड दाबलं, तरी ती निसटलीच. फटाकडी गप्प झाली. ती टेप मी कोणा संग्रहाला देऊन टाकली आणि विसरले. आणि आज बॅडमिंटनच्या हॉलमध्ये माझ्या शिंकेचा निळा आलेख लागला होता, जोडीदाराला जवळ बोलवणारी हाक म्हणून.

मी हसले. एकटीच जिन्याखाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी काही थांबेना. कारण म्हणजे ती नव्हती. सकाळी दोन मिनिटं ती होती, आणि आता पुन्हा नव्हती.

परीक्षकांची बैठक सामानाच्या खोलीत होती, रॅकेटी आणि बॅडमिंटनच्या फुलांचे डबे यांच्या मधे तीन खुर्च्या टाकून. मी दोघांना सगळं सांगितलं. आकडेवाल्याचं तोंड उघडं राहिलं. मासेसाहेबांनी सँडविच खाली ठेवलं, त्यावरून गोष्ट गंभीर आहे हे कळलं.

"अजून कोणाला बोललात?"

"नाही."

"मग आत्ताच कशाला बोलता? हे बघा, पोरीने लबाडी केलेली नाही. चूक आहे, कबूल. वर्ष-दीड वर्षात ती स्वतःच शोधून काढेल, लेखात दुरुस्ती करेल. तोपर्यंत केंद्रावर जागा मिळालेली असेल. आज बोललात तर तिचं करिअर संपलं. कोणासाठी? त्या पाखराला काय फरक पडतो? ते तसंही नाहीये."

"आणि तुम्ही?" मी आकडेवाल्याला विचारलं.

"मी आकडे बघतो, मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "आकडे तर बरोबर आहेत. चूक त्याच्या आधी झालीय."

"तुम्ही ठरवा," मासेसाहेब म्हणाले. "तुम्ही काही बोलला नाहीत तर आम्ही काही ऐकलं नाही. संध्याकाळी अंतिम फेरीत पाच-पाच मिनिटं बोलतील, तेव्हा मत द्या."

मी खोटं बोलणार नाही. मला त्यांचं पटलं. इतकं पटलं की मी पर्स उचलून गरम पाणी आणायला निघालेसुद्धा. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं शहाणपण फार लवकर पटतं. मशीनपाशी उभी राहून मला दिसत होतं, चष्मेवालीपुढे गर्दी जमली होती, वरच्या मजल्यावरची मोठी माणसंही खाली उतरून आली होती, आणि ती एकेकाच्या कानाला ते डबे लावत होती. एक म्हातारे गृहस्थ ऐकून तिच्या पाठीवर थोपटत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते सकाळी माझ्या चेहऱ्यावर होतं. सगळ्यांना मी शिंकून दाखवत होते आणि सगळे आनंदाने घरी चालले होते. हे काही मला सहन होईना.

गर्दी ओसरल्यावर मी तिला म्हटलं, "बाळ, जरा माझ्याबरोबर ये."

मी तिला दाढीवाल्याच्या फळीपाशी नेलं. तिने पोस्टर वाचलं, तळ्याचं नाव वाचलं, आणि तिचा चेहरा बदलायला लागला. पोरगी हुशार होती. मी त्याला म्हटलं, "वाजव."

त्याने वाजवलं. ती ऐकत राहिली. शिंक आली, गेली.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा वाजवलं.

मग मी सांगितलं. सगळं, शिंकेसकट. माझ्या तोंडून ते इतकं हास्यास्पद वाटत होतं की दाढीवाला एकदा फिस्सकन हसला आणि लगेच "सॉरी" म्हणाला. ती हसली नाही. तिने जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला आणि त्याला म्हणाली, "तुझ्या तारखा सांग." तो सांगत गेला, ती बघत गेली. जुळत होत्या. सगळ्या जुळत होत्या. आणि मग एक जुळली नाही.

"या दिवशी तू नव्हतास," तिने मान वर केली. चष्म्याआड डोळे केवढे मोठे झाले होते. "या दिवशीची हाक आहे माझ्याकडे. तू नव्हतास!"

मीही लॅपटॉपवर वाकले. दाढीवाल्याने मोबाइलमध्ये खालीवर केलं, कपाळ चोळलं.

"होतो," तो शेवटी म्हणाला. "ताप होता, म्हणून लिहायचं राहिलं. पण गेलो होतो मी. खरंच सॉरी."

तिने लॅपटॉप मिटला. त्याला अजून काही विचारावं असं तिला वाटत असणार, पण विचारलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "म्हणजे तिथे ती नाहीच, मॅडम?"

"दिसत तरी नाही."

"सगळ्यांना सांगितलं मी," ती म्हणाली. "आईलासुद्धा. आईला यातलं काही कळत नाही, तरी तिने दोनदा ऐकलं."

संध्याकाळच्या अंतिम फेरीत तिने काय करावं हे मी तिला सांगितलं नाही. तेवढी तरी लाज मला होती. ती नाव मागे घेऊ शकली असती, आजारी पडू शकली असती. ती व्यासपीठावर गेली, पहिल्यांदा स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं, मग दाढीवाल्याचा स्पीकर माइकपुढे धरला. सभागृहात दोनदा माझी शिंक घुमली. मग ती म्हणाली, "हे दोन्ही एकच आहे. माझा निष्कर्ष चुकीचा आहे. हे मला आज दुपारी कळलं." आणि चूक कशी होते, कुठे व्हायला नको होती, कोणी कोणाशी बोलायला हवं होतं, हे ती उरलेली मिनिटं सांगत राहिली. पहिल्या रांगेत तिचे सर आणि दाढीवाल्याच्या बाई, मधे चार खुर्च्या सोडून, समोर बघत बसले होते. कोणी हसलं नाही. टाळ्या आल्या, पण कशाला वाजवायच्या हे न कळल्यासारख्या.

सामानाच्या खोलीत मी भांडले. म्हटलं, बक्षीस हिलाच द्या, अख्ख्या परिषदेत खरी विद्या हिने दाखवली. मासेसाहेब म्हणाले, "उद्या सगळे चुका घेऊन येतील आणि माफी मागून बक्षीस नेतील." आकडेवाल्याने बराच वेळ पेन चावलं आणि गांडुळांना मत दिलं. दोन विरुद्ध एक. गांडूळवाल्या मुलाला ते कळलं तेव्हा त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

हॉल रिकामा होत होता. कामगार फळ्या सरकवत होते, कोपऱ्यातल्या जाळ्या उलगडत होते. चष्मेवाली तिचं पोस्टर काढत होती, कोपऱ्याची चिकटपट्टी नखाने सोडवत.

"मदत करू?"

"नको, मॅडम. झालंच."

मी तरी उभी राहिले. "आता काय?"

"दादाचं छपाईचं दुकान आहे. तो कधीचा म्हणतोय, ये म्हणून." तिने दुसरा कोपरा सोडवला. "हे पोस्टर त्यानेच छापून दिलं."

माझ्याकडे तिला द्यायला जागा नव्हती. असती तर मी दिली असती का, हे मी स्वतःला विचारलं आणि हो आलं, पण नसलेल्या वस्तूचं दान सोपं असतं. बरं झालं सांगितलंत, असं ती म्हणेल म्हणून मी थांबले होते. ती म्हणाली नाही. का म्हणावं तिने? तिचं चांगलं चाललं होतं.

मी पर्स खांद्याला लावली. तेव्हा ती वळली.

"मॅडम, तुम्ही तिला पाहिली असेल ना? डोळ्यांनी?"

"एकदाच. त्याच सकाळी."

"कशी असते?"

"अगं, पुस्तकात चित्र—"

"पुस्तकातलं मला पाठ आहे. तुम्ही पाहिलेली सांगा. दोन वर्षं मी तिच्यावर काम केलं, मी तिला एकदाही पाहिलेली नाही."

मी पर्स परत खाली ठेवली. दिवसभरात हॉलमध्ये एवढी माणसं येऊन गेली, तज्ज्ञ येऊन गेले, पण तिला त्या तळ्यावर पाहिलेलं माझ्याखेरीज कोणी नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी सांगायला लागले. आधी पाणकणसाची एक पात हलली, वारा नसताना. मग ती बाहेर आली. एवढीशी, मुठीएवढी. शेपटी सारखी झटकत होती. चिखलावरून अशी चालली, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून आपण जातो ना, पाय उचलून उचलून, तशी. पाय लाल. पोट विटकरी. एकदा थांबली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मग मला शिंक आली.

चष्मेवाली हातातलं पोस्टर तसंच धरून ऐकत होती.

"डोळे?" तिने विचारलं.

मी डोळे मिटले. चिखल आठवला, गळ्यातल्या टेपरेकॉर्डरचं ओझं आठवलं, बुटात शिरलेलं गार पाणी आठवलं. ती माझ्याकडे बघत होती तेही आठवलं. बाकीचं येईना.

"नाही गं आठवत," मी म्हटलं.

"लाल असतात," ती हळूच म्हणाली. "पुस्तकात तसं आहे." आणि पोस्टरची गुंडाळी काखेत मारून ती बसच्या थांब्याकडे निघाली.